आण्णांच्या चांदण्या

चौथीच्या वर्षी मला वडिलांना दोन नावांनी हाक मारावी लागायची. घरात आण्णा आणि शाळेत गुरुजी. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत ते शिकवायचे आणि आम्ही शाळेच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचो. घरातून वर्गात जाईपर्यंत मला तोंडातलं आण्णा गिळून गुरुजी काढावं लागे. कधी चुकले तर वर्ग हसायचा, आणि आण्णाही हसायचे.

वस्ती धनगरांची. कोणे एके काळी मेंढरांमागे फिरणारी ही घरं कॅनॉलचं पाणी आल्यापासून ऊस लावून एका जागी बसली होती. पोरं हुशार होती, पण पुस्तकातलं काहीही सांगितलं की विचारायची, "गुरुजी, कशावरनं?" सूर्यमालेचा धडा आला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. पृथ्वी फिरती, कशावरनं? सूर्य एवढा मोठा, कशावरनं?

दुसऱ्या दिवशी आण्णांनी घरातला लाल भोपळा उचलला. आई म्हणाली, "आवो, भाजीला काय करू मग?" त्यांनी ऐकलंच नाही. भोपळा त्यांनी मैदानाच्या मधोमध विटेवर ठेवला आणि म्हणाले, "हा सूर्य. आता पृथ्वी केवढी सांगा." पोरांनी हाताने कलिंगडं दाखवली, चेंडू दाखवले. आण्णांनी मूठ उघडली. तळहातावर ज्वारीचा एक दाणा होता. "ही आपली पृथ्वी. हिच्यात पुणं, मुंबई, समुद्र, तू, मी, तुझ्या घरची मेंढरं, सगळं आलं." इतकी गप्प झालेली शाळा मी पुन्हा पाहिली नाही.

मग एकेकाला ग्रह मिळाले. बुधाला मोहरी, शुक्राला ज्वारीचाच दाणा, गुरूला लिंबू, शनीला बोर. ज्याच्या त्याच्या हातात आपला ग्रह, आणि सगळे ओळीने भोपळ्यापासून लांब लांब उभे. मी प्लुटो. माझ्या चिमटीत रव्याचा एक कण. तेव्हा प्लुटो ग्रहच होता. आण्णा म्हणाले, "खरं तर तुला पार शिवेबाहेर धाडायला हवं, पण अंतर जरा आखडू. कॅनॉलच्या भरावावर बाभळ आहे, तिथं जाऊन उभी राहा. मी टॉवेल हलवला की तू रिबीन हलव. म्हणजे सगळ्यांना कळेल, आपली सूर्यमाला केवढी ते."

मी पळत गेले. भरावावर चढले, रव्याचा कण वाऱ्याने केव्हाच उडाला होता. खाली मैदानात आण्णांचा पांढरा टॉवेल हलला. मी वेणीची लाल रिबीन सोडून जोरजोराने हलवली. टॉवेल हलतच राहिला. मी हात दुखेपर्यंत रिबीन हलवली. पोरं माझ्याकडे बोटं दाखवत ओरडत होती, ते मला ऐकू येत होतं. "गुरुजी, ती बघा की, बाभळीपशी!" आण्णा बाभळीकडे बघत होते, पण मान अशी हळूहळू फिरवत होते, जसं कोणी फळीवरची सुई शोधावी. मग त्यांना वाटलं असावं की मी कॅनॉलात पडले. ते एकदम धावत सुटले. मध्ये शेताला पाणी देणारी चारी होती, गुडघाभर खोल. भर दुपारी, लख्ख उन्हात, ते त्या चारीत पाय घालून आडवे झाले.

लिंबू धरलेला पोरगा ओरडला, "गुरुजींनी उडी मारली!" सगळे हसले. आण्णाही चिखलातून उठता उठता हसले. गुडघ्यातून रक्त वाहत होतं. मी पळत जवळ पोचले तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तू तिथंच होतीस?"

"तिथंच होते की."

त्यांनी वळून पुन्हा एकदा बाभळीकडे बघितलं. माझं मनगट मात्र वर्गात पोचेपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि बघितल्यावर सगळंच दिसलं. आण्णा दिवेलागणीनंतर बाहेर पडत नाहीत. दाराजवळच्या घंगाळाला रोज पाय लागतो. घरापासून संडासापर्यंतच्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आईने चुन्याने रंगवलेले दगड मांडलेत, ते शोभेसाठी नाहीत. यवतच्या बाजारातून सायकलवर येताना उशीर झाला, तर आण्णा सायकल हातात धरून, पायाने रस्ता चाचपत येतात. एकदा असेच ते बैलगाडीवर आदळले. गाडीवान ओरडला, "किती ढोसलीय, गुरुजी?"

तिथून ते सुरू झालं. गुरुजी पितात. सांजच्याला झोकांड्या खातात. बायका पाणवठ्यावर आईला ऐकू जाईल अशा बोलायच्या. मी एक दिवस रडत घरी आले आणि म्हणाले, "आई, सांग ना त्यांना, आण्णा पीत नाहीत म्हणून."

आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "पितात म्हणू दे. पिणाऱ्या मास्तराची नोकरी ऱ्हाती. आंधळ्या मास्तराला कोण ठेवील?"

आंधळा हा शब्द घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. माझा धाकटा भाऊ तेव्हा पहिलीत होता. तो चुलीजवळ बसून भाकरीची वाट बघत होता.

होळीच्या आधी आण्णांनी जाहीर केलं की, सगळ्यांनी जेवून संध्याकाळी मैदानात यायचं, आकाश बघायचं. आईने डोळे मोठे केले. "तुमी दाखिवणार?" आण्णा म्हणाले, "पोरं कशावरनं विचारतात. दाखवायला नको?" मग माझ्याकडे वळले. "ताई आहे ना." भावामुळे घरात मला सगळे ताईच म्हणायचे.

सगळी वस्ती आली. आज्या आल्या, कडेवरची पोरं आली. शाळा समितीचे अध्यक्ष आबाही फेटा बांधून आले. आण्णा मैदानात उभे राहिले आणि मी त्यांना खेटून, त्यांच्या उजव्या हाताखाली. आमचं ठरलं होतं. त्यांनी आधी तोंडाने सांगायचं, मग मी त्यांचं कोपर हळूच ढकलून हात नेमका तिकडे करायचा. "पश्चिमेला बघा. सूर्य मावळला तिथंच वर सगळ्यांत तेजस्वी दिसतो तो शुक्र. बघा, तो लुकलुकत नाही. लुकलुकते ती चांदणी, स्थिर असतो तो ग्रह. ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो, तो सूर्याचा उजेड परत पाठवतो." मी कोपर ढकललं. हात शुक्रावर गेला. "आता डोक्यावर. तीन चांदण्या एका रेषेत. तो मृगाच्या पोटातला बाण." कोपर वर. "उत्तरेकडे, खाली, आत्ताच उगवतायत ते सप्तर्षी." एक पोर म्हणालं, "आमच्यात त्येला बाजलं म्हणत्यात." आण्णा म्हणाले, "बरोबर. बाजल्याचे चार खूर दिसले का सगळ्यांना?"

"दिसले!"

एवढ्यात आकाशातून एक मोठा तारा तुटला, उगवतीकडून मावळतीकडे, अख्खं आकाश कापत गेला. सगळी वस्ती एका आवाजात ओरडली. माझ्या शेजारचा पोरगा आण्णांचा सदरा ओढून म्हणाला, "गुरुजी, बघितला? बघितला?"

"बघितला," आण्णा म्हणाले. त्यांचं तोंड शाळेच्या भिंतीकडे होतं.

कोणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या आबांच्या आलं. सगळे पांगल्यावर ते जवळ आले. आण्णा निघताना ध्वजस्तंभाच्या ओट्याला अडखळले, मी सावरलं. आबा खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, ज्ञान लई हाय तुमच्यापाशी. पण आजच्या दिस तरी घ्यायची नव्हती. लेकराच्या खांद्यावर हात टाकून चालायची येळ आली तुमच्यावर."

आण्णा म्हणाले, "चुकलं, आबा."

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्हाला एकही दिसली नाही?" ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "लहानपणी आम्ही शिरूरला होतो, घोडनदीच्या काठी. उन्हाळ्यात सगळे अंगणात झोपायचे आणि चांदण्या मोजायचे. मला फक्त चंद्र दिसायचा. मला वाटायचं, सगळ्यांनाच रात्री फक्त चंद्र दिसतो. चांदण्या ही बोलायची पद्धत आहे. देव असतो म्हणतात ना, तसं." मग जरा थांबून म्हणाले, "खऱ्याच असतात हे कळलं तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होतो. मग पुस्तकातनं पाठ केल्या."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हा सगळ्यांना घेऊन पुण्याच्या एका दवाखान्यात गेली. तोवर सगळे उपाय झाले होते. बकऱ्याची कलेजी, गाजरं, शेवग्याचा पाला, डोळ्यांत घालायचं कसलंसं काळं औषध. डॉक्टरांनी आण्णांना तपासलं आणि मग विचारलं, "मुलं आहेत? आणलीत? त्यांनाही बसवा." आम्हा दोघांच्या डोळ्यांतही थेंब घातले. आईला वाटलं, बरं झालं, एका फेरीत सगळ्यांचं झालं.

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. डोळ्याचा आतला पडदा कडेकडेने वाळत येतो, म्हणाले. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं, आणि शेवटी मधलं.

"आपरेशन?" आईने विचारलं.

"नाही."

"चष्म्यानं काय फरक?"

"नाही."

"मग गोळ्या द्या काहीतरी."

"बाई, यावर औषध नाही. हे रक्तातनं येतं." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हिला नाही." भावाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं.

तो रात्री माझा हात धरायचा. अंगणातून घरात येताना, शेजारून ताक आणताना, "ताई, हात धर" म्हणायचा. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो.

दौंडला येणाऱ्या गाडीत आम्ही चौघं एका बाकावर होतो. थेंबांमुळे आम्हा तिघांनाही धड दिसत नव्हतं, डोळ्यांना उजेड टोचत होता. आई तेवढी खिडकीबाहेर बघत होती. भाऊ सारखा विचारत होता, डॉक्टर काय म्हणाले, मला काय झालं. आण्णांनी तोंड उघडलं, पण आईने त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. "काय न्हाई झालं. गाजर खा म्हणाले," ती म्हणाली. दौंडच्या फलाटावर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. आण्णांनी माझा डावा हात धरला, भावाने उजवा. आई पिशवी घेऊन पुढे चालत होती आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती. तिला रडताना आम्ही बघू नये म्हणून ती पुढे चालत होती, असं मला वाटलं. पण दिसायला आमच्यापैकी धड होतं कोण?

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग कोणीतरी वर तक्रार केली, की शिक्षक दारू पिऊन शाळेत येतात. तोवर आण्णांचं दिवसाचंही बरंच गेलं होतं, बाकांना धडकायचे, पुढ्यात बसलेल्या पोराच्या पाटीवर पाय द्यायचे. चौकशीला एक साहेब आले. मी तेव्हा शाळा सोडून पुढच्या गावी हायस्कुलात जात होते, पण त्या दिवशी आई आजारी म्हणून घरीच होते, आणि मागच्या खिडकीतून मला सगळं ऐकू आलं. साहेबांनी वर्गातच विचारलं, पोरांसमोर. "गुरुजी, खरं सांगा. पिता का?"

आईने आदल्या रात्री पढवून ठेवलं होतं. म्हणायचं, कधीमधी घेत होतो, आता सोडली, माफी द्या. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं.

आण्णा खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पीत नाही, साहेब. आयुष्यात घेतली नाही. मला दिसत नाही."

आई अंथरुणात उठून बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी आबा आले. ओट्यावर बसले. आईने दिलेला चहा निवून गेला तरी त्यांनी उचलला नाही. शेवटी म्हणाले, "आमी तुमाला दारुडा समजत हुतो, गुरुजी."

"असू दे, आबा."

"न्हाई, तसं न्हवं." आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "त्येच बरं हुतं वो. दारू सुटती."

नोकरी गेली नाही. आईची ती भीती खोटी ठरली. दवाखान्याचा दाखला झाला आणि आण्णांना तालुक्याला एका ऑफिसात बसवलं. वर्ग तेवढा गेला. आम्ही दौंडला दोन खोल्या घेतल्या. सकाळी मी त्यांना ऑफिसात सोडायचे आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत घेऊन यायचे. त्यांना एक खुर्ची होती आणि काम काहीच नव्हतं. काम देणार काय? कागद वाचता येत नाहीत, लिहिता येत नाहीत. शिपाई चहा आणून हातात द्यायचा. मी न्यायला जायचे तेव्हा ते सकाळी बसवलं होतं तसेच बसलेले असायचे, गुडघ्यांवर हात, चेहरा दाराकडे. एकदा वाटेत म्हणाले, "आज दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं नाही." तक्रार म्हणून नव्हे, एखाद्याने आज पाऊस नव्हता म्हणावं तसं. रेल्वे पुलावरून आम्ही चालत घरी आलो.

माझं डीएड झाल्यावर स्थळं बघायला सुरुवात झाली. आमच्या घरातली गोष्ट लपणारी नव्हती. तरी शिरूरकडचं एक घर बघायला आलं. मुलगा बरा होता, सारखी मान खाली घालून बसला होता. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि लोडशेडिंगची वेळ झाली तशी लाईट गेली. आई कंदील लावायला उठली, तर मुलाचे मामा म्हणाले, "राहू द्या हो. मुलीला सांगा, आतनं एक तांब्या पाणी आणायला. अशीच. बिनउजेडाची."

मला कळलं, आईला कळलं, त्या मुलालाही कळलं असणार. मी उठले. पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत आत गेले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि एक थेंब न सांडता आणून मामांच्या हातात दिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आण्णा बसले होते. माझं पाऊल कुठे अडखळतंय का, हे ते कान देऊन ऐकत होते. अंधारातही मला त्यांचा चेहरा दिसत होता. माझं दुर्दैव की मला दिसत होता.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण पुढं लेकरांचं काय सांगावं. डॉक्टरांनी हिला नाही म्हटलंय, हे आईने परत परत सांगितलं. ते पटण्यासारखं कोणालाच नव्हतं. त्यानंतरही स्थळं आली, तशीच गेली. मग येईनाशी झाली. मला यवतच्या बाजूच्या शाळेत नोकरी लागली होती, ती मी करत राहिले.

भावाला त्याचं त्याआधीच, तो नववीत असताना कळलं होतं. क्रिकेट खेळताना कातरवेळी चेंडू तोंडावर आला, पुढचा दात तुटला. त्याला चेंडू दिसलाच नव्हता, आणि बाकीच्या सगळ्यांना दिसला होता. तोंडाला रुमाल धरून तो आण्णांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझंही तेच हाय ना?" आई मध्ये पडायला गेली, आण्णांनी तिला थांबवलं.

"तेच आहे," ते म्हणाले.

"कवापासनं माहीत हाय?"

"तू पहिलीत होतास."

"आन् तुमचं तुमाला कवा माहीत हुतं? माझ्या आधी की मागनं?"

आण्णांनी त्याच्या तोंडावरच्या रुमालाकडे हात नेला. भाऊ मागे सरला. मग म्हणाला, "मला जन्म देताना विचार तरी करायचा," आणि बाहेर गेला. त्या दिवसापासून तो आण्णांशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच ताटलीतल्या भाकरी खात, पुढची कितीतरी वर्षं. बारावीनंतर तो कुरकुंभच्या एका कंपनीत लागला. पहिली पाळी होती तोवर ठीक चाललं. पाळी बदलून रात्रीची आली तेव्हा अंधाऱ्या शेडमध्ये कशाला तरी धडकून एक पिंप कलंडलं. बरोबरचा माणूस ओरडला, "अबे, दिखता नहीं क्या?" भाऊ खरं बोलला. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. मग तो पुण्याला गेला, ऑफिसात आलेले फोन घ्यायचं काम शिकला आणि तिथेच राहिला.

तीनेक वर्षांनी तो एकदा आला, आई फार आजारी होती म्हणून. तोवर आण्णांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. दुपारी आई झोपली होती. बापलेक समोरासमोर बसले होते आणि मी भाजी निवडत होते. आण्णांनी विचारलं, "तुला किती दिसतं आता?"

मला वाटलं, तो उठून जाईल. तो उठला नाही. म्हणाला, "आरपार नळकांडं असतं ना, त्यातनं बघितल्यासारखं."

"मला तुझ्या वयात तेवढंच होतं."

"मग किती वर्षं टिकलं?"

आण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण आकडा सांगितला नाही. नळातून पाणी यायला लागलं आणि मी घागर लावायला उठले, तेव्हा ते दोघं तसेच बसले होते.

तो राहील असं आईला वाटत होतं. पण उजेड आहे तोवर पुण्यात पोचायचं होतं, खोलीपर्यंतचा रस्ता त्याला एकट्याने गाठायचा होता. मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. दारात गर्दी होती, मागचे ढकलत होते. तो दाराचा दांडा धरून उभा राहिला आणि पायरी कुठे आहे ते पायाने शोधायला लागला. मी हात पुढे केला. त्याने तो बाजूला केला, पुन्हा एकदा पाय उचलला आणि चढला.